कोई माशाची चोरी : ‘हादाशी नो गेन’ पुन्हा वाचताना

२०२३ सालच्या फेब्रुवारीत हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाचा एक निर्णय जाहीर झाला. शहरातल्या शाळांसाठी मंडळाने ‘हिरोशिमा हेइवा नोट’ नावाची शांतताशिक्षणाची पुस्तिका तयार केलेली आहे. तिच्यात तिसरीच्या मुलांसाठी ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’, या मांगातली काही चित्रे होती. एप्रिलपासून सुरू होणाऱ्या नव्या शैक्षणिक वर्षात ती काढून टाकायची असे ठरले. त्याची कारणेही सांगण्यात आली. एका प्रसंगात गेन लोकांसमोर रोक्योकू गाऊन पैसे मिळवतो. रोक्योकू हा शामिसेनच्या साथीने गाऊन कथा सांगण्याचा प्रकार. आपल्या पोवाड्याची आठवण व्हावी असा. तो आजच्या मुलांच्या जगण्याशी जुळत नाही, हे एक कारण. दुसऱ्या प्रसंगात गर्भवती आणि कुपोषित आईला खाऊ घालण्यासाठी गेन तळ्यातला कोई मासा चोरतो. त्यातून मुलांचा गैरसमज होऊ शकतो, हे दुसरे. शिवाय असे सुटे तुकडे देऊन अणुबॉम्बचे वास्तव मुलांपर्यंत पोहोचवणे अवघड जाते, असेही मत पडले.

या बातमीवर हसणे सोपे होते आणि पुष्कळजण हसले. ज्या पुस्तकात माणसांची कातडी हातांवरून लोंबते, त्यातली अडचणीची गोष्ट काय, तर मासा चोरणे! मला हसू आले नाही. मंडळाने नकळत पुस्तकाच्या नेमक्या जागेवर बोट ठेवले असे वाटले. ‘गेन’ हे शांततेचे पुस्तक आहे असे सगळे म्हणतात. ते भुकेचे पुस्तक आहे, आणि त्याची बाकीची सगळी ताकद त्या भुकेतून येते, असे माझे मत आहे. ते मी तेराव्या वर्षी केलेल्या वाचनावर आणि पन्नाशीनंतर मूळ जपानीत केलेल्या दहाही खंडांच्या वाचनावर आधारलेले आहे.

दोन्ही वाचनांची परिस्थिती सांगतो, कारण तिचा निष्कर्षाशी संबंध आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सांगलीत आमच्या घरी मामांच्या एका परिचितांकडून या पुस्तकाचा पहिला खंड इंग्रजीत आला. तोक्योत १९७६ साली जमलेल्या ‘प्रोजेक्ट गेन’ या स्वयंसेवकांच्या गटाने तो अनुवाद केला होता आणि १९७८ साली तो छापला गेला होता. जपानबाहेर मांगा हा शब्दही फारसा कोणाला माहीत नव्हता त्या काळातली ही गोष्ट. मी मराठी माध्यमाचा, इंग्रजी पाचवीपासून शिकलेलो. ‘अमर चित्रकथा’ हातात पडेल तितकी वाचलेली. त्यामुळे चित्रांवरून गोष्ट काढायची सवय होती आणि इंग्रजी संवादांतले निम्मे मी सोडूनच देत होतो. पुढचे खंड मिळाले नाहीत. जपानी शिकलो ते फार उशिरा, पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गांत. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा चांगली आहे आणि माझ्यासारख्या पदवीविना फिरणाऱ्यालाही तिथे कोणी हटकत नाही.

तेराव्या वर्षीच्या त्या अर्ध्यामुर्ध्या वाचनातून मनात जे राहिले ते जवळजवळ सगळे खाण्याविषयी होते. दोन भावांची रताळ्यावरून मारामारी. गव्हाचे शेत. भांड्याच्या तळाशी राहिलेले काही दाणे. कोई मासा. बॉम्बही आठवत होता, पण या सगळ्यानंतर. गेनचे वडील युद्धाविरुद्ध बोलतात हे आठवत नव्हते. ते गव्हाविषयी बोलतात हे आठवत होते. जपानात हिवाळ्यात गव्हाची कोवळी रोपे मुद्दाम पायांनी तुडवतात, त्यामुळे मुळे घट्ट धरतात. वडील मुलांना तसे व्हायला सांगतात. आमच्याकडे गहू कोणी तुडवत नाही, म्हणून ते चित्र विचित्र वाटून राहिले असावे.

आता पुस्तकाचा जन्म. केइजी नाकाझावा यांचा जन्म १९३९ सालचा, हिरोशिमातला. वडील चित्रकार, युद्धविरोधी नाटकमंडळीत वावरलेले आणि त्यासाठी अटक भोगलेले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता सहा वर्षांचा केइजी शाळेच्या फाटकाशी उभा होता. काँक्रीटच्या भिंतीच्या आडोशामुळे तो वाचला. घर कोसळून वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ गेले. आई वाचली, त्याच दिवशी ती रस्त्यावर बाळंत झाली आणि ती मुलगी पुढे काही महिन्यांत दगावली. मुलगा मोठा होऊन दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. १९६१ साली तो मांगाकार व्हायला तोक्योला गेला आणि अनेक वर्षे अणुबॉम्बविषयी चकार शब्द न काढता मुलांसाठी साहसकथा काढत राहिला. हिबाकुशा, म्हणजे बॉम्बमधून वाचलेला, असे कळले की लोक दूर सरकत, हा तोक्योतला अनुभव त्याला होता.

१९६६ साली आई वारली. दहनानंतर जपानी रिवाजाप्रमाणे अस्थी वेचायला गेले तर हाडे उरलीच नव्हती, नुसती राख. किरणोत्सर्गाने आईची हाडेसुद्धा नेली, असे नाकाझावांनी मानले आणि त्या संतापातून त्यांनी बॉम्बवरची पहिली मांगा काढली. ती १९६८ साली प्रौढांच्या मासिकात आली. १९७२ साली ‘ओरे वा मिता’, म्हणजे ‘मी पाहिले’, ही छोटी आत्मकथनात्मक मांगा आली. तिच्यानंतर १९७३ च्या जूनमध्ये ‘साप्ताहिक शोनेन जम्प’मध्ये ‘गेन’ क्रमशः सुरू झाले.

‘शोनेन जम्प’ म्हणजे काय हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. १९६८ साली सुरू झालेले हे मुलांचे साप्ताहिक. कुस्त्या, बेसबॉल, विनोद, मारधाड. कोणती मालिका चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची हे वाचक मुलांच्या पोस्टकार्डांवरून ठरायचे. त्या गर्दीत, स्वस्त कागदावर, गेन दर आठवड्याला येत होता. त्याला कोणी पवित्र मानत नव्हते. कंटाळवाणा झाला असता तर मुलांनी तो उलटून पुढे टाकला असता. हे प्रकाशन १९७४ पर्यंत चालले. आजचे पहिले चार खंड म्हणजे हा भाग. ‘जम्प’च्या प्रकाशनसंस्थेने तो पुस्तकरूपात आणला नाही; १९७५ साली ‘चोबुन्शा’ या दुसऱ्या, लहान संस्थेने आणला.

पुढचे सहा खंड वेगळ्या घरांत वाढले. आधी ‘शिमिन’ हे नियतकालिक, मग जपानी कम्युनिस्ट पक्षाचे ‘बुन्का ह्योरोन’ आणि ऐंशीच्या दशकात शिक्षक संघटनेचे ‘क्योइकू ह्योरोन’. तिन्ही मोठ्यांची आणि वैचारिक. पोस्टकार्डे पाठवणारी मुले तिथे नव्हती. मग दहाही खंड एकत्र झाले आणि एकाच वेष्टणात शाळांच्या ग्रंथालयांत गेले. शाळेत मांगा आणायला बंदी असे, पण ‘गेन’ ग्रंथालयातच असे. त्यामुळे मधल्या सुट्टीत मुलांची झुंबड उडायची. एका पिढीच्या जपान्यांना विचारा, त्यांना ‘गेन’ आठवतो तो या फडताळासह. त्यांतल्या अनेकांना नंतर बरीच रात्र झोप लागली नव्हती, हेही ते सांगतात.

दहा खंड सलग वाचताना एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुलांच्या साप्ताहिकात लिहिलेला भाग वाचकाला मोठे माणूस समजून वागवतो, आणि मोठ्यांच्या मासिकांत लिहिलेला भाग वाचकाला लहान मूल समजतो.

पहिल्या भागातले उदाहरण घ्या. वस्तीच्या समितीचा अध्यक्ष सामेजिमा हा गेनच्या कुटुंबाचा वैरी. वडील बांबूच्या भाल्यांच्या कवायतीची टर उडवतात म्हणून तो त्यांना देशद्रोही ठरवतो, मुलांना छळतो. बॉम्ब पडल्यावर तोच ढिगाऱ्यात अडकलेला असतो आणि गेन त्याला सोडवतो. त्यानंतर गेन त्याला विनवतो, माझ्या घरच्यांना काढायला चल. सामेजिमा पळून जातो. इथे लेखक थांबत नाही. कोणी पात्र येऊन माणुसकीवर बोलत नाही. पुढची चौकट आगीची आहे. शेवटी आईला आगीपासून ओढून नेतो तो शेजारचा पाक, कोरियन माणूस, ज्याला वस्तीत कोणी मान देत नव्हते. पुढच्या खंडात याच पाकच्या वडिलांना मदतकेंद्रावर उपचार मिळत नाहीत, कारण ते कोरियन. पाक मग काळ्या बाजारात पैसा करतो आणि गेनला मदतही करतो. तो चांगला माणूस आहे की वाईट, हे दहा-अकरा वर्षांच्या वाचकाने स्वतः ठरवायचे आहे. ‘जम्प’च्या वाचकावर नाकाझावांनी एवढा विश्वास टाकला होता.

वडिलांचेही तसेच. दाइकिची नाकाओका युद्धाविरुद्ध बोलतात खरे, पण त्यांचे बोलणे बहुधा मध्येच तुटते. मुले दंगा करतात, कोणाच्या पोटात कावळे ओरडतात, किंवा दारावर कोणी येते. आणि हे शांततावादी वडील मुलांना बडवतात, चांगले जोरात, चित्रातून उडवून लावतात. तेराव्या वर्षी यात मला काही वावगे दिसले नव्हते, आमच्याकडेही मारत. आता वाचताना खटकते. पण ते खटकणे उपयोगाचे आहे. थोरला मुलगा कोजी घरावरचा देशद्रोहाचा डाग पुसायला नौदलाच्या वैमानिक दलात भरती होतो. वडिलांच्या तत्त्वांची किंमत मुले देतात. वडिलांना ते कळते आणि तरी ते बदलत नाहीत. मुलांच्या साप्ताहिकात असा बाप काढणे ही साधी गोष्ट नव्हती.

नंतरच्या खंडांत हा संयम सुटतो. गेन वाढतो तशी त्याची भाषणे वाढतात. शेवटच्या खंडात शाळेच्या निरोप समारंभात तो राष्ट्रगीत गायला नकार देतो आणि सम्राटाच्या युद्धजबाबदारीवर पानेच्या पाने बोलतो. चीनमध्ये जपानी सैनिकांनी केलेले अत्याचार तिथे ओळीने चौकटींत येतात. जे सांगितले आहे त्यातले बरेच सांगायलाच हवे होते, आणि जपानी पाठ्यपुस्तके जे सांगायला कचरत होती ते एक मांगाकार सांगत होता, हे मला मान्य आहे. माझी तक्रार कलेची आहे. हे अत्याचार गेनने पाहिलेले नाहीत, त्याच्या भुकेशी, त्याच्या हातापायांशी त्यांचा संबंध लेखकाने जोडलेला नाही. ती चित्रे फळ्यावर टांगलेल्या तक्त्यांसारखी येतात. ज्याने पहिल्या खंडात वाचकाला पाकविषयी काहीच समजावून सांगितले नव्हते, तोच लेखक आता सगळे दोन-दोनदा समजावतो. वैचारिक मासिकाच्या वाचकाला आधीच पटलेले असते, हे त्याचे कारण असावे. पटलेल्या माणसाला पटवताना आवाज चढतोच.

नंतरचे खंड मात्र नुसते भाषणांचे नाहीत. जिथे अनाथ मुले पानावर येतात तिथे नाकाझावा पुन्हा जुना होतो. मुसुबी नावाचा मुलगा आहे. मुसुबी म्हणजे भाताचा मुटका. पोराचे नावच खाण्याचे. काटकसरीने साठवलेल्या पैशातून शिवणाचे दुकान काढायचे या मुलांचे स्वप्न असते, आणि मुसुबी हिरोपोन या उत्तेजकाच्या नादी लागून ते पैसे संपवतो. हे औषध युद्धकाळात वापरात होते आणि १९५१ सालच्या कायद्यापर्यंत जपानात राजरोस मिळत असे. मुसुबीचा शेवट भाषणाविना येतो. नात्सुए नावाची, चेहरा भाजलेली मुलगी आहे. ती स्वतःच्या अस्थींसाठी मातीचे भांडे घडवायला बसते. आईच्या अस्थीच उरल्या नाहीत हे दुःख जन्मभर बाळगलेल्या लेखकाने ते भांडे काढले आहे, हे ठाऊक असेल तर ती पाने हातात धरवत नाहीत. ठाऊक नसले तरी धरवत नाहीत.

चित्रशैलीविषयी थोडे. नाकाझावांनी लहानपणी तेझुका ओसामूंची ‘शिन ताकाराजिमा’ वाचली आणि तिथेच मांगाकार व्हायचे ठरवले. गोल गाल, टपोरे डोळे, लांब टांगा टाकत पळणारी मुले ही तेझुकांची देणगी. पण रेषा मात्र तेझुकांची नाही. ती जाड, एकसारखी, लांबूनही वाचता येईल अशी आहे. मला ती पाट्या रंगवणाऱ्याची रेषा वाटते. पाटीवर छाया-प्रकाशाचे लाड चालत नाहीत. अक्षर रस्त्यापलीकडून दिसले पाहिजे. नाकाझावा रताळे, सूर्य आणि जळालेला माणूस हे तिन्ही त्याच रेषेने काढतात. समीक्षक याला ओबडधोबड म्हणतात, आणि ते ओबडधोबड आहेच. पण भयासाठी वेगळी, खास रेषा राखून ठेवलेली नाही, त्यामुळे वाचकाला आधी सूचना मिळत नाही. विनोदाच्या पानावरून तो त्याच वेगाने पुढच्या पानावर जातो.

इंग्रजी आवृत्तीत, डावीकडून उजवीकडे वाचता यावे म्हणून, पाने आरशातल्यासारखी उलटवली होती. माझ्या तेराव्या वर्षीचा गेन त्यामुळे डावखुरा होता. मूळ जपानीत तो उजव्या हाताने खातो हे पाहून मला काही दिवस परके वाटत राहिले. याहून मोठा फरक भाषेचा. गेन तोक्योची प्रमाण जपानी बोलत नाही. तो स्वतःला ‘वाशी’ म्हणतो, वाक्याचा शेवट हिरोशिमाच्या बोलीत करतो. धाकटा शिंजी त्याला ‘आन्चान’ म्हणतो. आपण ‘दादा’ म्हणू. आणि वेदना, संताप, रडू दाबून धरणे या सगळ्यांसाठी एकच आवाज पुस्तकभर येतो : ‘गिगिगि’. दात घट्ट आवळल्याचा आवाज. जपानी वाचकांच्या एका पिढीला हे तीन ध्वनी उच्चारले तरी ‘गेन’ आठवतो. मराठीत याचे काय करायचे, यावर मी बराच विचार केला आहे. ‘कडकडा’ चालत नाही, तो थंडीचा किंवा रागाचा. ‘करकरा’ हा खाण्याचा. आपण दात-ओठ खातो तेव्हा आवाज करत नाही, अशी माझी समजूत होऊन बसली आहे.

पन्नाशीनंतरच्या वाचनात खरी नवी भेटली ती आई. किमिए. तेराव्या वर्षी ती मला पार्श्वभूमी वाटली होती, पुष्कळशा आया मुलांना वाटतात तशी. पुस्तकाचे मध्यवर्ती दृश्य सगळ्यांना ठाऊक आहे : घराच्या तुळयांखाली वडील, बहीण आणि शिंजी अडकलेले, आग जवळ येते आहे, गेन तुळई उचलू पाहतो, वडील त्याला आईला घेऊन जायला सांगतात, आई जागची हलत नाही आणि एका क्षणी वेड्यासारखी हसू लागते. जगभरच्या वाचकांच्या मनात गेन म्हणजे हे दृश्य.

आणि नाकाझावांनी ते पाहिलेले नव्हते. खरा केइजी त्या वेळी शाळेजवळून घराकडे येत होता. आई त्याला भेटली ती ट्रामच्या रस्त्याकडेला, नवजात मुलीला घेऊन बसलेली. घरात काय झाले ते तिने त्याला सांगितले. धाकट्याच्या हाका तिने ऐकल्या होत्या, त्याने नाही. ‘मी पाहिले’ हे ज्याच्या मांगाचे नाव, त्याच्या सर्वांत गाजलेल्या कृतीतले सर्वांत गाजलेले दृश्य ऐकीव आहे. कोणी याला खोटेपणा म्हणेल. मला वाटते, पुस्तकाची सगळी रचना इथे उलगडते. गेनला त्या जागी उभा करून लेखकाने आईच्या एकटीच्या आठवणीत स्वतःला साक्षीदार म्हणून नेले. आई वारल्यावर ते ऐकलेले त्याने जपले. पहिला खंड निवेदकाविना पुढे जातो असे वाटते. प्रत्यक्षात निवेदक किमिए आहे. म्हणूनच कोई माशाचा प्रसंग तिथे आहे. उपाशी गर्भारपणात पोटी काय पडले याचा हिशेब कोण ठेवते? सहा वर्षांचा मुलगा नाही ठेवत.

इथे आपल्याकडचे एक उदाहरण मनात येते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त ‘मोठा होण्यासाठी चोरी’ असे एक प्रकरणच आहे. तिथे चोरी पुस्तकासाठी होते आणि आई श्यामला ती का वाईट ते समजावते. त्या घरातही दारिद्र्य आहे, पण दारिद्र्याहून लाज मोठी आहे. श्यामला चोरीतून धडा मिळतो. गेनच्या चोरीतून आईच्या पोटात अन्न जाते. दोन्ही पुस्तके आईविषयीची, दोन्ही मुलांच्या हाती दिलेली. पहिल्याच्या बाबतीत मोठ्यांना कधी चिंता वाटली नाही, कारण धडा पुस्तकातच तयार होता. दुसऱ्यात तो बाहेरून घालावा लागतो, आणि घालता आला नाही की पाने काढावी लागतात.

पाने काढण्याची हिरोशिमाची घटना पहिली नव्हे. २०१२ साली मात्सुए शहरात एका नागरिकाने ‘गेन’ शाळांतून हटवण्याची मागणी केली. नगरसभेने ती फेटाळली. तरीही डिसेंबरमध्ये शिक्षण मंडळाच्या कार्यालयाने शाळांना सांगितले की हे खंड उघड्या फडताळात नकोत, मुलाने मागितले तरच द्या. आक्षेप होता तो शेवटच्या भागातल्या सैनिकी अत्याचारांच्या चित्रांवर. त्याच डिसेंबरच्या १९ तारखेला नाकाझावा फुफ्फुसाच्या कर्करोगाने वारले. पुढच्या ऑगस्टमध्ये बातमी फुटली, देशभर आरडाओरडा झाला, ग्रंथालय संघटनेनेही निषेध केला, आणि २६ ऑगस्ट २०१३ रोजी मंडळाने सूचना मागे घेतली.

मात्सुएच्या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हिरोशिमाच्या घटनेवर त्या मानाने कमी. माझ्या दृष्टीने दुसरी अधिक गंभीर आहे. मात्सुएत विरोधकांनी पुस्तकातल्या मतांवर हल्ला केला आणि मतांना पाठीराखे मिळतात. हिरोशिमात पुस्तकाचे मित्रच होते. त्यांना संदेश हवा होता, शांतता हवी होती. फक्त गाणे म्हणून भीक मागणारा आणि मासा चोरणारा मुलगा नको होता. त्या मुलाला वगळले की जे उरते ते शेवटच्या खंडातल्या निरोप समारंभासारखे असते. खरे, पटणारे, आणि मधल्या सुट्टीत कोणी वाचणार नाही असे.

आर्ट स्पीगेलमन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, स्वतःच्या ‘माऊस’वर काम करू लागले असताना, फ्लूच्या तापात ‘गेन’ वाचले होते आणि त्या चित्रांचा आपल्यावर किती खोल ठसा उमटला हे त्यांनी पुढे इंग्रजी आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिले. दहाही खंडांचा इंग्रजी अनुवाद २००९ पर्यंत पुरा झाला. त्याच वर्षी दृष्टी अधू झाल्यामुळे नाकाझावांनी रेखाटन थांबवले. दहाव्या खंडाच्या शेवटी गेन चित्रकार व्हायला तोक्योला निघतो. पुढचा तोक्योचा भाग त्यांच्या मनात होता, तो राहून गेला.

कोणी विचारले की हे पुस्तक कितव्या वर्षी द्यावे, तर मी म्हणतो अकरा-बारा. पहिले चार खंड एकदम द्यावेत, एकेक नको. तोमोकोच्या मृत्यूपर्यंत गोष्ट न थांबता गेली पाहिजे. पाचवा मुलाने स्वतः मागितला तर द्यावा. आठव्या-नवव्यापर्यंत पोहोचला तर मुसुबीसाठी आणि नात्सुएसाठी दहावाही द्यावा, आणि भाषणाची पाने त्याने भराभर उलटली तर उलटू द्यावीत.